न आलेल्या बसचा प्रवासी

पुण्याच्या वाहतुकीवर कुठेही चर्चा सुरू झाली, की दहाव्या मिनिटाला कुणीतरी घसा खाकरून म्हणतं, 'खरं सांगायचं तर लोकांची मानसिकता बदलायला हवी.' सभागृहात माना डोलतात. पुढचं सगळ्यांना पाठ असतं. पुणेकराला दाराशी गाडी लागते, कोपऱ्यावरून कोथिंबिरीची जुडी आणायची तरी तो बटण दाबून निघतो, थांब्यापर्यंत चालायचं म्हटलं की त्याचे पाय दुखतात, बसमध्ये चढणं त्याला कमीपणाचं वाटतं, आणि कोंडीबद्दल गळा काढायला पुन्हा तोच पुढे. सायकलींचं शहर म्हणून मिरवणारं पुणं दुचाक्यांनी बुजवलं ते याच आळशी, हेकट माणसाने. २०१८ साली शहरातल्या वाहनांचा आकडा लोकसंख्येच्या पुढे गेल्याची बातमी आली, तेव्हा तर या मताला सरकारी शिक्काच मिळाल्यासारखं झालं. 'मानसिकता' हा शब्द मोठा सोयीचा आहे. तिच्यासाठी निविदा काढावी लागत नाही, आगाराला जागा शोधावी लागत नाही, चालक-वाहकांची भरती करावी लागत नाही. ती नेहमी दुसऱ्याची असते आणि बदलायचीही दुसऱ्यानेच असते.

या मताची पहिली चूक तुलनेत आहे. बस आणि दुचाकी समोरासमोर उभ्या आहेत आणि माणूस मुद्दाम दुचाकी उचलतो, असं ते धरून चालतं. प्रत्यक्षात एका बाजूला दारातली गाडी असते (पुण्यात 'गाडी' म्हणजे दुचाकीच, चारचाकी असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं) आणि दुसऱ्या बाजूला येईल-न-येईल अशी बस. संध्याकाळी साडेसहाला गर्दीचा कुठलाही थांबा बघावा. बाक रिकामा असतो, कारण बसून राहिलं तर लांबून येणारी पाटी दिसत नाही. सगळे पदपथाखाली उतरून, थांब्यापुढेच लागलेल्या रिक्षांना वळसा घालून, माना लांब करून उभे. 'मनपा' दिसलं की निम्मे मागे सरकतात, कारण त्यांना कात्रज हवी असते. हवी ती आलीच, तर थांब्याच्या वीस पावलं पुढे, दुसऱ्या रांगेत थांबते आणि पिशव्या सावरत सगळे धावत सुटतात. या माणसांना चालायचा कंटाळा आहे, असं म्हणायला धाडस लागतं.

'अहो, पण बस आहेत की! तासाला चार फेऱ्या लागलेल्या आहेत,' असं उत्तर मिळतं. ते खोटं नसतं, म्हणून तर जास्त फसवं असतं. तासाला चार बस दर पंधरा मिनिटांनी आल्या, तर थांब्यावर केव्हाही पोहोचणाऱ्याला सरासरी साडेसात मिनिटं थांबावं लागेल. त्याच चार बस दोन-दोनच्या जोडीने, अर्ध्या अर्ध्या तासाने आल्या, तर सरासरी पंधरा मिनिटं. बस तेवढ्याच, इंधन तेवढंच, पगार तेवढेच, आगाराच्या नोंदीत फेऱ्याही पूर्ण. प्रवाशाचं वाट पाहणं मात्र दुप्पट. आणि बस जोडीने का येतात, यात गूढ काही नाही. पुढची बस चौकात अडकली की पुढच्या थांब्यांवर गर्दी साचते, ती चढायला वेळ लागतो, म्हणून ती आणखी मागे पडते. मागच्या बसला सगळे थांबे रिकामे मिळतात आणि ती पुढचीला गाठते. मग एक दाराला लोंबकळणारी माणसं घेऊन जाते आणि तिच्या पाठोपाठ दुसरी चार डोकी घेऊन. चारचाकीच्या काचेतून ही दुसरी बस दिसली की साहेब म्हणतात, 'बघा, बस रिकाम्या धावतायत, लोकांनाच नकोत.' रिकामी बस हा लोकांच्या नावडीचा पुरावा नाही, बिघडलेल्या वेळापत्रकाचा आहे. सुरुवातीच्या थांब्यावर बस ठरल्या मिनिटाला सोडणं, मधे दोन-तीन ठिकाणी ती वेळेवर धरणं आणि चौकात तिला आधी वाट देणं, हा त्यावरचा इलाज आहे. मानसिकतेचा त्यात काही संबंध येत नाही.

शिवाय सरासरी ही नियोजनकर्त्याची गोष्ट झाली; नोकरदार सरासरीवर जगत नाही. भोसरीच्या किंवा चाकणच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला सातला हजेरी लागते. तिथे महिन्यातले वीस दिवस लवकर पोहोचल्याचं बक्षीस मिळत नाही, पण तीन दिवस उशीर झाला तर लेट मार्क लागतात आणि अनेक ठिकाणी तीन लेट मार्कांचा अर्धा दिवस कापला जातो. म्हणून त्याला सर्वांत वाईट दिवस धरूनच घर सोडावं लागतं. पस्तीस मिनिटांचा बसप्रवास असेल तर तो सव्वा तास हाताशी ठेवतो. दुचाकीचे चाळीस सांगितले तर चाळीस, फार तर पन्नास. त्यातून बस बदलायची असेल तर विचारूच नका. समजा, प्रत्येक बस पाचांतले चार दिवस वेळेवर येते, म्हणजे आपल्याकडच्या मानाने उत्तमच. दोन बस लागत असतील तर दोन्ही वेळेवर मिळण्याचे दिवस पंचविसांत सोळा. उरलेल्या नऊ दिवसांचा खुलासा साहेबांपुढे कुणी करायचा? या हिशेबानंतर जो गाडी घेतो त्याला आळशी म्हणायचं असेल, तर गणित येणाऱ्या प्रत्येकालाच आळशी म्हणावं लागेल.

बायकांच्या बाबतीत तर हे 'मानसिकते'चं प्रवचन अधिकच पोकळ ठरतं. स्कार्फ डोक्याभोवती घट्ट बांधून स्कूटरवरून निघालेली पुण्यातली बाई हा कौतुकाच्या लेखांचा आणि विनोदांचाही आवडता विषय. त्या स्कूटरकडे जरा नीट पाहिलं तर पायाशी मुलाचं दप्तर असतं, हुकाला भाजीची पिशवी आणि सीटखाली डबा. घर, पाळणाघर, कार्यालय, परतताना शाळा, मंडई किंवा औषधाचं दुकान असा तिचा प्रवास तुकड्यातुकड्यांचा असतो. प्रत्येक तुकड्याला बसची वाट पाहायची तर दिवस थांब्यावरच संपेल. आणि रात्री साडेनऊला दिवा बंद असलेल्या थांब्यावर, शेवटची बस गेली की यायची आहे हे सांगणारं कुणी नसताना, तिने किती वेळ उभं राहावं अशी उपदेशकांची अपेक्षा आहे?

'दुचाकी पुणेकराच्या रक्तातच आहे' हा पुढचा युक्तिवाद. आधी सायकल, मग १९७२ पासून बजाजची चेतक आणि कायनेटिकची लूना, मग स्कूटी. जणू शहराला वंशपरंपरेने जडलेला रोगच. इतिहास उलट बाजूने वाचला तर दिसतं की या शहरातल्या कष्टकऱ्याने आणि कारकुनाने प्रत्येक पिढीत आपल्या हातातलं, आपल्या वेळेवर निघणारं वाहन निवडलं, कारण दुसरं कुणी वेळेची हमी दिलीच नाही. चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबायचे, ते काय हौसेखातर? शहर तर पसरतच गेलं. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली (त्यातली दोन पुन्हा बाहेर काढली, तो वेगळाच विनोद). घरं धायरी-वाघोलीला, कामं हिंजवडी-चाकणला. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून २००७ साली पीएमपीएमएल (बोलण्यात 'पीएमपी') झाली ती या वाढत्या पसाऱ्याला एकच बससेवा मिळावी म्हणून. शहरी वाहतुकीसाठी केंद्राने ठरवलेल्या सेवा-मापदंडांत उत्तम श्रेणीसाठी हजार लोकसंख्येमागे ०.६, म्हणजे लाखामागे ६० बस धरल्या आहेत. २०११ च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून ४८ लाख लोक होते. त्या जुन्या शिरगणतीलाच सुमारे २,९०० बस लागतात. अलीकडच्या वर्षांत ताफा दोन हजारांच्या आसपास घुटमळतो आहे, त्यातल्या काही कार्यशाळेत उभ्या, आणि माणसं तर २०११ नंतर कितीतरी वाढली. एवढी तूट असताना सगळे पुणेकर उद्या सकाळी एकदम सद्गुणी झाले आणि थांब्यावर आले तर त्यांना बसवणार कशात, याचं उत्तर मानसिकतावाद्यांनी द्यावं.

मग येतो तोट्याचा मुद्दा. 'बससेवा तोट्यात आहे, पैसे आणायचे कुठून?' पीएमपीच्या उत्पन्नातून न भागणारी रक्कम पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांनी ६०-४० अशी वाटून घ्यायची, हे ठरलेलं आहे. या रकमेला 'संचलन तूट' म्हणतात आणि दर वर्षी ती मंजूर करताना दानधर्म केल्यासारखे चेहरे होतात. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल बांधला, २०२० मध्ये पाडला आणि आता तिथे मेट्रोसह दुमजली पूल. या पुलाची 'तूट' किती, असं कुणी विचारलं? पदपथ नफ्यात आहेत का, रस्त्यावरच्या दिव्यांचं तिकीट किती, असंही कुणी विचारत नाही. वाहनांसाठी केलेला खर्च हा विकास आणि बससाठी केलेला खर्च हा तोटा, ही हिशेबाची पद्धत नाही, तो पक्षपात आहे. एसटीच्या तिकिटावर तर सरकार साडेसतरा टक्के प्रवासी कर घेत आलं आहे. ज्या सेवेला तोट्यातली म्हणून हिणवायचं, तिच्याच प्रवाशाच्या खिशात हात घालायचा! आणि सेवा सावरायला अधिकारी नेमायचा तर त्यालाही टिकू द्यायचं नाही. तुकाराम मुंढे २०१७ च्या मार्चमध्ये पीएमपीत आले आणि पुढच्या फेब्रुवारीत त्यांची नाशिकला बदली झाली. त्यांची कार्यपद्धती पटो न पटो, जेमतेम वर्षभरात दोन हजार बसचं वेळापत्रक कुणालाच रुळावर आणता येणार नाही.

सरकारला लोक बसमध्ये हवे आहेत की दुचाकीवर, हे भाषणांतून नव्हे, दरांतून कळतं. त्यासाठी एकट्या २०२५ सालाकडे पाहिलं तरी पुरे. २५ जानेवारीला एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. मे महिन्यात मुंबईत बेस्टचं किमान तिकीट ५ रुपयांवरून १० झालं. १ जूनला पुण्यात पीएमपीचंही किमान तिकीट ५ वरून १० झालं, दैनंदिन पास ४० वरून ७० वर गेला, मासिक पास दीड हजारावर. आणि २२ सप्टेंबरला ३५० सीसीपर्यंतच्या दुचाक्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर उतरला. बसच्या खरेदीवरचा करही तेव्हा तेवढाच उतरला, हे खरं. पण थांब्यावर उभ्या माणसाचं तिकीट त्यामुळे रुपयानेही उतरलं नाही, दुकानातल्या गाडीची किंमत मात्र दसऱ्याच्या तोंडावर हजारोंनी उतरली. आता दहा किलोमीटरचा हिशेब करा. बसला २० रुपये. लिटरला पन्नास किलोमीटर देणाऱ्या मोटारसायकलला, पेट्रोल शंभरी पार असतानाही, एकवीस-बावीस रुपये. नवरा-बायको दोघं निघाले तर बसला ४०, गाडीला तेच एकवीस-बावीस. दुचाकी काही फुकट पडत नाही. हप्ता, विमा, सर्व्हिसिंग, टायर हे सगळं आहे. पण गाडी एकदा दारात आली की रोज सकाळी माणूस तुलना करतो ती पेट्रोलची आणि तिकिटाची. त्या तुलनेत बस एकट्याला जेमतेम बरोबरीत आणि दोघांना महाग पडते, वर उशीर करते, आणि तरी त्याने तीच निवडावी म्हणे, शहराच्या भल्यासाठी! स्वस्त सेवा उशिरा आली तर माणूस चालवून घेतो, महाग आणि वेळेवर असेल तर पैसे मोजतो. महागही आणि बेभरवशाचीही हा सौदा कोणता शहाणा करील?

'सोय केली तरी लोक येत नाहीत' असं म्हणणाऱ्यांनी बीआरटीकडे पाहावं. देशातला पहिला बीआरटीचा प्रयोग पुण्यात झाला, डिसेंबर २००६ मध्ये, कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर. कल्पना साधी होती: बसला स्वतःचा पट्टा द्या, म्हणजे कोंडीत अडकलेल्या दुचाकीच्या शेजारून ती पुढे निघून जाईल. बसने दुचाकीला हरवायचं तर हीच एक जागा आहे, कारण दारात येण्यात किंवा गल्लीत शिरण्यात ती कधीच जिंकणार नाही. त्या पट्ट्याचं काय झालं? कुठे तो सलग राहिला नाही, कुठे पुलाच्या नाहीतर मेट्रोच्या कामात गेला, कुठे इतर वाहनं त्यात शिरली. नगर रस्त्यावर २०१५ नंतर झालेला मार्ग काही वर्षांतच टप्प्याटप्प्याने उखडला गेला. कारण काय, तर कोंडी होते! रस्त्याच्या दोन्ही कडांना उभ्या केलेल्या चारचाक्यांनी कोंडी होत नाही, पन्नास-साठ माणसं घेऊन जाणाऱ्या बसच्या पट्ट्याने होते. तिची वाट आपणच काढून घेतली आणि मग ती दुचाकीइतक्या वेगाने का धावत नाही, असं प्रवाशालाच विचारतो.

एक गोष्ट मात्र मान्य केलीच पाहिजे. दुचाकी जीवघेणी आहे. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली, त्यातले ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे होते. पावसाळ्यात खड्डे, उन्हाळ्यात तापलेला डांबरी रस्ता, बारा महिने धूर. हे गाडी चालवणाऱ्याला ठाऊक नाही असं वाटतं का? त्याच्या घरातल्यांना तर रोज संध्याकाळी ठाऊक असतं. एवढी जोखीम पत्करूनही तो बसकडे फिरकत नसेल, तर त्यावरून त्याच्याबद्दल काही कळण्याआधी बसबद्दल कळतं. २०१९ च्या सुरुवातीला पुण्यात हेल्मेटसक्ती कडक झाली, चौकाचौकात पोलीस उभे राहिले, दंडाच्या पावत्या निघाल्या. हेल्मेट घालायलाच हवं, त्याविरुद्ध निघालेल्या मोर्चांचं समर्थन करण्यासारखं काही नव्हतं. पण प्रवाशाने काय करावं याची सक्ती चार दिवसांत होते, तर बसने किती वाजता यावं याची सक्ती इतक्या वर्षांत का झाली नाही? वेळापत्रकसक्ती हा शब्दच आपल्याकडे जन्मला नाही.

आता नवं उत्तर मिळतं ते मेट्रोचं. पिंपरी-स्वारगेट आणि वनाज-रामवाडी हे दोन मार्ग २०२४ मध्ये पूर्ण झाले. मेट्रो वेळेवर धावते आणि लोक तिच्यात बसतात. इथेच मानसिकतेचा सिद्धांत आपोआप कोसळतो. हाच आळशी, हेकट पुणेकर मेट्रोचे जिने चढतो, तिकिटाला रांगेत उभा राहतो, उभ्याने प्रवास करतो. कारण पुढची गाडी किती मिनिटांनी येणार हे फलाटावर लिहिलेलं असतं आणि ती तशी येते. पण कात्रज, धायरी, हडपसर, वाघोली या दोन मार्गांवर नाहीत, आणि स्थानकापासून घरापर्यंतचे तीन किलोमीटर पुन्हा बसनेच जोडायचे आहेत. ती बस नसली की मेट्रोचा प्रवासीही स्थानकाखाली गाडी लावून वर जातो. राज्य सरकारने यावर २०२५ च्या एप्रिलमध्ये इलेक्ट्रिक बाइक-टॅक्सीला मंजुरी दिली. म्हणजे दुचाकीची समस्या सोडवायला आणखी दुचाकी, फक्त विजेवरची.

शेवटचा आवडता उपाय म्हणजे आधी दुचाकीवर बडगा उगारा: पार्किंगला पैसे लावा, रस्ते बंद करा, मग लोक झक मारत बसकडे येतील. पार्किंगचे पैसे जरूर लावा, आणि सुरुवात रस्त्यात चौपट जागा अडवणाऱ्या चारचाकीपासून करा. पण क्रम बदलता येणार नाही. बस नसताना दुचाकी महाग केली तर फटका बसणार तो चाकणच्या पाळीवाल्याला, पाळणाघर गाठणाऱ्या आईला आणि क्लासहून रात्री परतणाऱ्या मुलीला. परिसंवादात माना डोलावणाऱ्यांच्या चारचाकीला साधा ओरखडाही उठणार नाही. आधी बस वाढवा, तिला पट्टा द्या, सुटण्याची वेळ पाळा, शेवटची बस खरोखर शेवटपर्यंत सोडा, आणि वर्षभर हे करून दाखवा. त्यानंतरही लोक आले नाहीत, तर खुशाल त्यांची मानसिकता काढा. तोवर दुचाकीवर बसलेला प्रत्येक माणूस हा न आलेल्या एखाद्या बसचा प्रवासी आहे आणि त्याच्यापुढे उभं राहून खुलासा देण्याची पाळी आपली आहे.

आणि हे करायला वेळही फार नाही, कारण माणसं कायमची निसटत आहेत. ज्या घरात दोघं कमावते बसने जातात तिथे दीड-दीड हजारांचे दोन पास, म्हणजे महिन्याला तीन हजार रुपये. नव्या मोटारसायकलचा हप्ता साधारण तेवढाच बसतो. एखाद्या रात्री जेवण झाल्यावर वहीच्या मागच्या पानावर हा हिशेब मांडला जातो, सणाचा मुहूर्त धरून गाडी येते, तिला हार घातला जातो, चाकाखाली लिंबू ठेवलं जातं. पुढच्या महिन्यात पासचं नूतनीकरण होत नाही. पाच वर्षांनी ती गाडी मुलाकडे जाते आणि बापासाठी दुसरी येते. त्या मुलाला आपल्या घरावरून कोणत्या नंबरची बस जाते, हे माहीतही नसतं.